जुलाबाला परस्पर अँटिबायोटिक नको: वैशाखरे परिसराला तातडीचं आवाहन

वैशाखरे, टोकावडे, मोरोशी, धसई, सरळगाव, मुरबाड आणि पलीकडे किन्हवली, डोळखांब, खर्डी, शहापूर या सगळ्या पट्ट्यातल्या माणसांना ही विनंती आहे. ती आत्ताच करायची, कारण मृग तोंडावर आला आहे. पहिले दोन-चार मोठे पाऊस झाले की विहिरीत गढूळ पाणी उतरतं आणि घरोघरी कुणा ना कुणाला जुलाब-उलट्या लागतात. दरवर्षीचं आहे. अशा वेळी आपल्यातले पुष्कळ जण जे करतात ते यंदा करू नका. मेडिकलमध्ये जाऊन "जुलाबाची पॉवरची गोळी द्या" असं मागू नका. डॉक्टरांनी तपासून दिली तर जरूर घ्या, सांगितली तितकी घ्या. पण परस्पर नको.

ही गोळी कशी मिळते ते सगळ्यांनी पाहिलं आहे. काउंटरपलीकडचा मुलगा दहाच्या स्ट्रिपमधून कात्रीने चार गोळ्या कापतो, कागदाच्या पाकिटात टाकतो, वर पेनाने खूण करतो: सकाळी एक, संध्याकाळी एक. कापलेल्या तुकड्यावर औषधाच्या नावाची जेमतेम शेवटची तीन अक्षरं येतात. मुदत संपायची तारीख उरलेल्या सहा गोळ्यांबरोबर खोक्यात परत जाते. अशा औषधांवर उभी लाल रेघ असते आणि तिचा अर्थ 'चिठ्ठीशिवाय घेऊ नका' असा आहे, हे लोकांना कळावं म्हणून केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोहीम काढली होती. कात्रीला ती रेघ अडवत नाही. दोन गोळ्यांत पोट थांबलं की उरलेल्या दोन फळीवरच्या डब्यात जातात आणि पुढच्या खेपेला शेजारच्या पोराच्या कामी येतात. माणुसकी म्हणूनच दिल्या जातात, हे खरं आहे.

त्या गोळीत बहुधा दोन औषधं एकत्र असतात. नॉरफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन, आणि जोडीला टिनिडाझोल किंवा ऑर्निडाझोल. लहान मुलांना पाण्यासारखे जुलाब होतात ते बहुतेक वेळा विषाणूंमुळे, आणि विषाणूचं ही औषधं काहीच वाकडं करू शकत नाहीत. असे जुलाब काही दिवसांत आपले आपण थांबतात. श्रेय मात्र गोळीला मिळतं. म्हणून पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तीच गोळी.

पण गोळी पोटात गेली म्हणजे तिचं काम कुठे ना कुठे होतंच. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा हिशेब इस्रायल आणि कॅनडातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडला. त्यांतले जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात राहतात. आपलं अन्न पचवायला, जीवनसत्त्वं बनवायला ते मदत करतात आणि रोगजंतूंना पाय रोवू देत नाहीत. ज्या विषाणूसाठी गोळी घेतली त्याला ती शिवत नाही. या वस्तीवर मात्र ती पडते.

या वस्तीतला एक रहिवासी म्हणजे ई. कोलाय. तुमच्या पोटात आहे, माझ्याही पोटात आहे. बहुतेक वेळा निरुपद्रवी. त्याच्या पेशीभोवती एकावर एक असे दोन पापुद्रे असतात, आणि त्या दोन्हींना आरपार छेदून प्रथिनांचा एक पंप बसलेला असतो. आतल्या पापुद्र्यात ॲक्र-बी नावाचं प्रथिन, बाहेरच्या पापुद्र्यात टॉल-सी नावाची नळी, आणि दोघांना सांधणारं ॲक्र-ए. खरं काम ॲक्र-बीचं. त्याचे सारखे तीन भाग असतात. एक भाग औषधाचा रेणू आत घेत असतो तेव्हा दुसऱ्याने आधीचा रेणू धरून ठेवलेला असतो आणि तिसरा आपला रेणू नळीत ढकलत असतो. मग पाळी बदलते. आळीपाळीने हे अखंड चालू. जपानमधल्या सातोशी मुराकामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनाची रचना २००२ मध्ये उलगडली, आणि पाळी बदलण्याची ही चाल २००६ मध्ये जगापुढे आली. या पंपाला लागणारी ताकद कुठून येते? पेशीबाहेर साठलेले हायड्रोजनचे आयन आत शिरताना जो जोर लावतात, त्यावर तो चालतो.

औषधांच्या दृष्टीने घातक गोष्ट पुढेच आहे. पदार्थांची ने-आण करणारी बरीचशी प्रथिनं एखादाच ठरावीक रेणू ओळखतात. या पंपातली पोकळी ऐसपैस आणि स्निग्ध आहे. तिच्यात नाना आकारांचे रेणू अडकतात. त्यामुळे टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, सिप्रोफ्लॉक्सासिन, पेनिसिलिनच्या कुळातली कित्येक औषधं, असे एकमेकांशी काही नातं नसलेले पदार्थ एकाच नळीतून बाहेर पडतात. एका औषधाची सवय झालेला जिवाणू ज्या औषधाचं त्याने तोंडही पाहिलेलं नाही त्यालाही दाद देत नाही, त्याचं एक कारण हे. टेट्रासायक्लिन पेशीतून जोर लावून बाहेर फेकलं जातं हे अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात स्टुअर्ट लेव्ही यांच्या प्रयोगशाळेने १९८० मध्ये दाखवलं, तो पंप एकाच औषधापुरता होता. हा सगळ्यांना पुरून उरणारा.

मजा अशी की हा पंप अँटिबायोटिकसाठी झालेलाच नाही. यकृतातून आतड्यात उतरणारं पित्त चरबी विरघळवतं, आणि जिवाणूचा पापुद्राही चरबीचाच. आतड्यात राहायचं तर पित्त बाहेर फेकता आलंच पाहिजे. माणूस अँटिबायोटिकच्या गोळ्या बनवायला लागला त्याच्या कितीतरी आधीपासून हे काम चालू आहे. म्हणूनच आतड्यातले इतर जिवाणूही असे पंप बाळगून असतात. कोंबडीच्या मांसातून येणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरचा पंप वेगळ्या नावाचा, कॉलऱ्याच्या जंतूचे वेगळे, पण धंदा तोच.

एरवी जिवाणू हे पंप बेतानेच बनवतो, कारण चालवायला ताकद खर्च होते. पंप बनवण्यावर लगाम ठेवणारी काही प्रथिनं त्याच्याकडे असतात. कधी त्या लगामाच्या जनुकातच बिघाड होतो आणि पेशीवर पंपांची गर्दी होते. औषध नसेल तेव्हा असा उधळ्या जिवाणू मागे पडतो. औषध आलं की बाकीचे मरतात, हा उरतो आणि याचीच पिलावळ वाढते.

तरी एक गोष्ट सरळ सांगायला हवी. नुसत्या पंपाने जिवाणू अजिंक्य होत नाही. पंपामुळे येणारा प्रतिकार पुष्कळदा बेताचाच असतो. पावसात उंबऱ्यावरून पाणी घरात शिरतं आणि घरातली बाई टोपाने उपसून बाहेर फेकत राहते, तसा हा प्रकार आहे. पाणी येतच असतं, पण घोट्यावर चढत नाही. पाऊस जोराचा आणि लागून राहिला तर तिचे हात थकतात. थांबून थांबून पडला तर तिला शेजाऱ्यांना हाक मारायला सवड मिळते. आपण चार गोळ्यांतल्या दोन घेतो, वजनाचा अंदाज न घेता पोराला अर्धी देतो, फळीवरची जुनी चालवतो, तेव्हा जिवाणूला हीच सवड देतो.

या सवडीत नेमकं काय घडतं हे फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी न्याहाळत दाखवलं. जिवाणूंमध्ये प्लास्मिड नावाचे डीएनएचे छोटे वेटोळे असतात. एक जिवाणू दुसऱ्याला ते देऊ शकतो, दोघे वेगळ्या जातीचे असले तरी. त्यावर औषध निष्प्रभ करणारी जनुकं असतात, कधी एकाच वेटोळ्यावर चार-पाच औषधांची. प्रयोगात एका ई. कोलायने दुसऱ्याला टेट्रासायक्लिनविरुद्धचं जनुक दिलं, तेही टेट्रासायक्लिन भोवती असताना. टेट्रासायक्लिनचं कामच मुळी जिवाणूला नवी प्रथिनं बनवू न देणं. म्हणजे जनुक हाती आलं तरी त्याच्यावरून प्रथिन बनायला नको होतं. पण बनलं. कारण जुन्या सर्वभक्षी पंपाने आतल्या औषधाचं प्रमाण तेवढ्या वेळापुरतं कमी ठेवलं. तो पंप ज्यांच्यात मुद्दाम काढून टाकला होता त्या जिवाणूंना हे जमलं नाही. पंप स्वतः लढाई जिंकत नाही, नवी हत्यारं येईपर्यंत तग धरतो.

हे सगळं आपल्या आतड्यात, आपण ठणठणीत असताना चालू असतं. नेदरलँड्समधल्या प्रवाशांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी जाण्यापूर्वी आणि परतल्यावर त्यांची विष्ठा तपासली होती. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोक सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या कुळातल्या औषधांना न जुमानणारे जिवाणू पोटात घेऊन परतले. वर्षभरानंतरही अशा प्रवाशांतल्या साधारण दहातल्या एकाच्या आतड्यात ते होतेच. ही पाहुणी माणसं होती, थोडे दिवस राहिलेली. आपण इथेच राहतो, इथलंच पाणी पितो. आणि हे दूरच्या देशातल्या प्रयोगशाळांपुरतं नाही. जवळजवळ सगळ्या औषधांना पुरून उरणारं एनडीएम-१ हे जनुक बाळगणारे जिवाणू आपल्या मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांना रुग्णांमध्ये सापडले होते आणि त्यांनी २०१० मध्ये ते छापून जाहीर केलं होतं.

आतड्यातला ई. कोलाय आतड्यातच राहिला तर फारसं बिघडत नाही. पण तो लघवीच्या मार्गात जातो. बायकांना वरचेवर होणाऱ्या लघवीच्या जळजळीचं सर्वांत मोठं कारण तोच आहे. गरोदरपणात ही जळजळ मूत्रपिंडापर्यंत चढली तर आई आणि बाळ दोघांनाही धोका. तो आणि त्याचा भाऊबंद क्लेब्सिएला नवजात बाळाच्या रक्तात शिरले तर काही तासांत होत्याचं नव्हतं होतं. टोकावड्याहून मुरबाड, मुरबाडहून उल्हासनगर, तिथून ठाणे किंवा मुंबई, हा रेफरचा रस्ता आपल्याला पाठ आहे. पहिलं इंजेक्शन लागू पडलं तर तो रस्ता धरावाच लागत नाही. लागू पडलं नाही तर रस्त्यातला प्रत्येक तास मोलाचा असतो, आणि पावसात माळशेज घाटाच्या बाजूला रस्त्याचं काय होतं ते सांगायला नको.

पहिलं औषध लागू पडण्याला किती किंमत आहे हे महाराष्ट्राने गडचिरोलीत पाहिलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना बाळंतघरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. बाळाला जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली आणि आईबाप दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर या बायका झोपडीतच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि को-ट्रायमॉक्साझोलचं औषध देत. इतर उपायांच्या जोडीने या कामामुळे तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हा अहवाल 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. ही दोन्ही जुनी, स्वस्त औषधं. एका साध्या बाईच्या हातात ती जीव वाचवू शकली, कारण ज्या जिवाणूंशी गाठ होती ते अजून त्यांना दबत होते. आपण मेडिकलच्या काउंटरवर चार-चार गोळ्यांनी जे उधळतो आहोत ते हे आहे. २०१९ या एका वर्षात भारतात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट गेलेले जीव सुमारे २ लाख ९७ हजार होते, असा आंतरराष्ट्रीय संशोधकांचा अंदाज आहे.

मग पंपच बंद पाडणारं औषध का काढत नाहीत? प्रयत्न पुष्कळ झाले आहेत. आपल्याकडे जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं की काळ्या मिरीतलं पिपरिन हे द्रव्य स्टॅफिलोकोकस नावाच्या जिवाणूचा पंप काचेच्या नळीत मंदावतं आणि सिप्रोफ्लॉक्सासिनचा जोर वाढतो. म्हणून कुणी गोळीबरोबर मिरी चावत बसू नये. नळीतलं शरीरात उतरायला फार अडथळे असतात, आणि आजपर्यंत जिवाणूंचा पंप अडवणारं एकही औषध रुग्णांसाठी मंजूर झालेलं नाही. तोवर आपल्या हातात एकच आहे, पंपवाल्यांना वाढायला निमित्त न देणं.

आता घरात काय करायचं ते. जुलाब लागले की जीव जातो तो शरीरातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. तेव्हा पहिल्या पातळ शौचापासूनच पाणी भरायला लागा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण कालवायचं. अर्धं पाकीट तांब्यात आणि अर्धं उद्याला, असं नको, त्याने प्रमाण बिघडतं. कालवलेलं २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका, बाळाला ते घातक ठरतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. अंगावरचं दूध तोडायचं नाही. भाताची पेज मीठ घालून चालू ठेवायची. आपल्या म्हाताऱ्या हेच करत होत्या आणि बरोबर करत होत्या. जोडीला झिंकची गोळी: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळतं. पाऊस सुरू होण्याआधीच दोन पाकिटं घरात आणून ठेवा, रात्री दोन वाजता कुणाचं दार वाजवायची वेळ येऊ नये.

आणि दवाखाना कधी गाठायचा? शौचात रक्त दिसलं, तांदळाच्या धुवणासारखे ढाळ एकामागून एक लागले, मूल गळून गेलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, पाणीही पोटात टिकेना, ताप चढला, किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतलं असलं, तर एक क्षण घालवू नका. तिथे डॉक्टर अँटिबायोटिक देतील तर ते घ्यायलाच हवं. रक्ती आव, कॉलरा, टायफॉइड यांत ते जीव वाचवतं. भाताच्या चिखलात काम करणाऱ्याला ताप आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर लेप्टोचा संशय घेऊन डॉक्टर डॉक्सीसायक्लिन देतात. तेही घ्या. टीबीची औषधं तर कुणाच्याही सांगण्यावरून, हे आवाहन वाचूनसुद्धा, थांबवू नका. सांगितले तितके दिवस, सांगितल्या वेळेला. बरं वाटलं म्हणून स्वतःहून थांबायचं नाही, बरं वाटेना म्हणून स्वतःहून वाढवायचं नाही, आणि शेजारणीला द्यायचं नाही.

वीटभट्टीवर किंवा बांधकामावर रोजंदारीने जाणाऱ्या माणसाला हे सांगणं सोपं आहे, त्याने ऐकणं अवघड. एक दिवस खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. दवाखान्यात जाऊन रांगेत बसायचं तर आख्खा दिवस गेला. चार गोळ्या स्वस्त पडतात, हा त्याचा हिशेब चुकीचा नाही. म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारणाऱ्यांशी मला वाद घालायचा आहे. शहापूर तालुक्यातली आणि लगतची भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा ही धरणं मुंबईची तहान भागवतात आणि धरणाच्या आजूबाजूच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. टँकरचं पाणी उघड्या विहिरीत ओततात, त्यात हंडे-कळशा-दोर पडतात, पावसात वरून शेणामातीचं पाणी उतरतं. जुलाब तिथून सुरू होतात. स्वच्छ पाणी मिळालं असतं तर मागायलाच लागली नसती इतकी अँटिबायोटिक औषधं आपल्या भागात खपतात, असं माझं मत आहे.

तेव्हा ग्रामपंचायतींनो, विहिरीत पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर दर आठवड्याला पडते आहे का, आणि पडते तर ती मुदतीतली आणि कोरडी आहे का, हे सरपंचांनी स्वतः पाहावं. ओलसर झालेल्या पोत्यातली टीसीएल म्हणजे नुसती पांढरी धूळ. पाणी नमुन्याचा अहवाल फळ्यावर लावा, फायलीत नको. शौचालयाचा खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला खणला जाऊ देऊ नका. शाळेत आणि अंगणवाडीत साधा साबण ठेवा. 'अँटिबॅक्टेरियल' म्हणून महाग मिळणारा नको. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये ट्रायक्लोसान घातलेल्या हात धुण्याच्या साबणांवर बंदी घातली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते सरस आहेत असं कंपन्यांना सिद्ध करता आलं नाही. आणि हा ट्रायक्लोसानसुद्धा ई. कोलाय त्याच पंपाने बाहेर फेकतो, हे १९९८ पासून माहीत आहे.

मेडिकलवाल्यांना हात जोडून: तुम्ही आमच्यातलेच आहात, उधारीवर औषध देणारे, रात्री शटर उघडणारे. पण सेफिक्झिमसारख्या औषधांसाठी १ मार्च २०१४ पासून एच-१ चं वेगळं रजिस्टर ठेवायचा नियम आहे: डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. नॉरफ्लॉक्सासिन त्या यादीत नाही, पण चिठ्ठी त्यालाही लागतेच. यंदाच्या पावसाळ्यात जुलाबाची गोळी मागणाऱ्याच्या हातात आधी ओआरएस ठेवा. "आमच्याकडे चिठ्ठीशिवाय मिळत नाही" असं सगळ्यांनी मिळून म्हटलं तर कुणाचं गिऱ्हाईक कुणाकडे जाणार नाही. एकट्याने म्हटलं तर जाईल, हे मलाही कळतं. खासगी डॉक्टरांनाही हेच सांगणं. रुग्ण सुई मागतो, सलाईन मागतो, नाही दिलं तर दुसरीकडे जातो. तरीही पाण्यासारख्या साध्या जुलाबाला 'नाही' म्हणण्याचं काम तुमच्याशिवाय कुणी करू शकत नाही.

पोल्ट्रीवाल्यांशी थोडं जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या दोन्ही तालुक्यांत शेड पुष्कळ आहेत. पक्षी मलूल दिसले की प्लास्टिकच्या टाकीत औषधाची पुडी सोडायची, ते पाणी निप्पलच्या लाइनमधून हजारो पक्ष्यांना जायचं. आजारी पक्षी कमी पितो, धडधाकट जास्त पितो. म्हणजे ज्याला हवं त्याला अपुरं आणि ज्याला नको त्याला भरपूर. पुडीत पुष्कळदा एनरोफ्लॉक्सासिन असतं, आणि त्याचा काही भाग पक्ष्याच्या शरीरात सिप्रोफ्लॉक्सासिनच होतो, माणसाला देतात तेच. डेन्मार्कमध्ये डुकरांची वाढ व्हावी म्हणून ओलाक्विन्डॉक्स नावाचं औषध खाद्यात घालत. तिथल्या डुकरांच्या ई. कोलायमध्ये २००० नंतरच्या वर्षांत एक पंप सापडला, तोही प्लास्मिडवर, म्हणजे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारा. तो ओलाक्विन्डॉक्सबरोबर क्लोरॅम्फेनिकॉल आणि सिप्रोफ्लॉक्सासिनही बाहेर फेकत होता. औषध जनावराला दिलं आणि प्रतिकार माणसाच्या औषधाला आला. आपल्याकडे कोलिस्टिन हे शेवटच्या फळीचं औषध कोंबड्या-जनावरांत वापरायला केंद्राने जुलै २०१९ मध्ये मनाई केली ती याच धाकाने. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला होता ते आठवा. तो विषाणू. कुठलीही पुडी त्याला अडवू शकत नव्हती. शेडमध्ये पक्षी मरायला लागले की आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, पुडी नंतर. वाढीसाठी म्हणून तर अजिबात नको. आणि शेडमधलं खत ओलं तसंच शेतात पसरू नका, झाकून चांगलं कुजू द्या. पहिल्या पावसात ते खत ओहोळातून विहिरीकडेच जातं.

१५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. तिच्यात तीन गोष्टींचा ठराव करून घ्या: गावाच्या हद्दीतल्या दुकानांत चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकलं जाणार नाही, मग ते किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी ठेवलेलं असो, पिण्याच्या प्रत्येक विहिरीचा पाणी अहवाल दर महिन्याला फळ्यावर लागेल, आणि आशाताईंकडे ओआरएस-झिंक संपलं तर पंचायत आपल्या निधीतून चार दिवसांत आणून देईल. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या गाठोड्यातही ती पाकिटं बांधून द्यायची, हे चौथं घाला जमलं तर. पण त्याआधी पावसाचे दोन महिने जायचे आहेत, तेव्हा दुकानांशी आणि शेडवाल्यांशी बोलणं याच आठवड्यात सुरू करा. ठरावाचा विषय ग्रामपंचायत कार्यालयात आधीच लेखी द्या आणि पोच घ्या. विषयपत्रिकेवर आला नाही तर तो 'ऐन वेळचे विषय' मध्ये ढकलला जातो, आणि तिथपर्यंत पोचेपर्यंत निम्मी माणसं घरी गेलेली असतात.